सद्भावनेने

डिसेंबरात मुंबईहून कर्मचाऱ्यांची गाडी निघते.
फायलींची खोकी, प्रिंटर, सुतळीनं बांधलेले गणवेश,
आणि मी.
इतरांसाठी नागपूर म्हणजे ड्युटी.
तांडापेठेत म्हणतात, पराते मास्तराच्या गल्लीतला शालिक आला.

मार्शल म्हणजे काय, हे बापाला अजून उमगलेलं नाही.
"भांडन झालं का तू मधात पडतं," तो सांगतो शेजाऱ्यांना.
तसंच काहीसं.

सोमवारी आसनावरून हुकूम झाला :
सन्माननीय सदस्यांना बाहेर न्या.
आम्ही चौघं होतो. मला उजवी काख आली.
कडक इस्त्री, ओल्या सुपारीचा वास,
घोषणा थेट माझ्या कानात.
दारापर्यंत सतरा पावलं.
मोजावी लागत नाहीत, दर वर्षी तेवढीच असतात.

बुधवारी नोटीस आली, वकिलामार्फत,
खांदा दुखावल्याचा दाखला जोडून.
शालिक गोविंदा पराते.
इतक्या वर्षांत सरकारी कागदावर
माझं नाव पहिल्यांदाच कुणी शुद्ध लिहिलं होतं.

विधी शाखेच्या धोपटे बाईंनी चहा मागवला.
"घाबरता कशाला? हे वाचा."
पुस्तकात बोट ठेवून त्यांनीच वाचलं :
सद्भावनेने केलेल्या किंवा करण्याचे अभिप्रेत असलेल्या
कोणत्याही गोष्टीबद्दल
कोणताही दावा, खटला...
पुढचं मला ऐकू आलं नाही.
"म्हणजे कसं," त्या म्हणाल्या,
"हुकमानं उचललेला हात तुमचा नसतो. सभागृहाचा असतो."
हात टेबलावर होता, कपाशेजारी.
आम्ही दोघांनीही पाहिलं त्याच्याकडे.

रात्री बापाला मोरीकडे नेतो.
डावी बाजू गेलेली, म्हणून उजव्या काखेत हात.
"हळू ना बे. पोतं हाये का मी?"
चाळीस वर्षं माग ओढलेलं अंग,
आता भरल्या तुरीइतकंही जड नाही.
इथं हुकूम कुणाचा नाही,
इथल्या हाताला कुठलंच कलम नाही.

एक गोष्ट बाईंना सांगितली नाही.

चार वर्षांपूर्वी टी-पॉइंटला
हातमागवाल्यांचा मोर्चा अडवला होता.
बाप तेव्हा चालत होता, पहिल्या रांगेत होता.
मी बॅरिकेडच्या अलीकडे, गणवेशात,
ओळख न दाखवता उभा.
हेच सदस्य निवेदन घ्यायला आले.
घेतलं. चार शब्द बोलले.
आणि दुपारचं ऊन लागलं म्हणून
त्याच कागदानं वारा घेत गाडीपर्यंत गेले.
बाप बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला.
खाली त्याचा अंगठा होता, निळा.

सोमवारी, बाराव्या की तेराव्या पावलाला,
मला तो वारा आठवला.

फार नाही. दोन सेकंद असतील.
अंगठ्यानं खांदा निखळत नाही,
हे मला माहीत आहे, बाईंना माहीत आहे,
दाखला देणाऱ्या डॉक्टरलाही बहुधा.
खटला टिकणार नाही.
टिकूच नये, नाहीतर उद्या
हुकूम ऐकून कोण पुढे होईल?
पण शपथेवर विचाराल तर
नऊ बोटं सभागृहाची होती.
अंगठ्याचं मला सांगता येत नाही.

जबाब तीन प्रतींत टंकून आलाय.
सद्भावनेने हा शब्द पहिल्याच ओळीत,
सही तेवढी बाकी.
खाटेशेजारी, बापाच्या औषधांच्या डब्यावर कागद ठेवून बसलोय.

"काय लिहून रायला बे एवढ्या रात्री?"

काही नाही. झोप तू.

"मंग लाईट बंद कर ना.
अन् मले जरा भिंतीकडं सरकव."

पेन खाली ठेवतो.
काखेत हात घालण्याआधी
अंगठा बाहेर काढून बघतो.